पोटरीला हात न्हाई लावायचा

आमच्या न्हावऱ्यात कांदाचाळीपाशी बसून मी कांदा निवडत होते, तेव्हा फोन आला. हाताला माती, टरफलं चिकटलेली, म्हणून सूनबाईनंच फोन माझ्या कानाला लावला. पलीकडं भांडगावचा मिलिंद, सुगंधाबाईंचा मुलगा. "मावशी, आई गेली," म्हणाला. मी "कधी?" म्हटलं, तर म्हणाला, "आत्ता... अर्धा तास झाला असंल." सूनबाईनं फोन बाजूला घेतला आणि मी, काय सांगू, कांदा निवडतच राहिले. सडका इकडं, चांगला तिकडं. हातांना अजून कळलंच नव्हतं. चार-पाच कांदे झाले आणि मी एक टणटणीत कांदा सडक्यात टाकला. सूनबाईनं तो उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आत्या, उठा आता."

सुगंधाबाई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. जातीच्या, गावच्या, शाळेच्याही नाहीत. दौंडच्या एका दवाखान्यात त्या तीस वर्षं आया होत्या आणि मी तिथली एक पेशंट. वीस-बावीस वर्षांपूर्वी तिथं ओळख झाली ती अशी चिकटली की माझ्या सख्ख्या बहिणींना हेवा वाटावा. त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी भांडगावला गेले, तर मागं बसलेल्या दोघी हळूच बोलत होत्या, "मुलखाच्या ऑपरेशनवाल्यांना हिनं उठवलं, आन् हिचंच ऑपरेशन फसलं बघा. दैव!" मी मागं वळून बघितलं, पण बोलले नाही. तिथं बोलायचं नव्हतंच. आता पाच-सहा आठवडे झालेत, म्हणून बोलते. त्या शेवटच्या आजारपणात सुगंधाबाईंना काय मिळालं, ते त्या दोघींना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. पण ते कळायला आधी तेलाच्या वाटीपासून सांगायला हवं.

माझं पिशवीचं ऑपरेशन करायचं ठरलं, तेव्हा शिरूर जवळ असूनही आम्ही दौंड गाठलं, कारण माझ्या नणंदेचं, हौसावन्संचं, घर तिथं. डबा, चहा, धुणं सगळं वन्सं बघणार. ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी सकाळी माझी डावी पोटरी दुखायला लागली. दुखणं म्हणजे असं की, आतून कुणी ओलं कापड पिळावं तसं. वन्संनी हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "पडून पडून अवघडलाय पाय, वैनी. थांबा, करडीचं त्याल कोमट करून आणते. चोळलं की मोकळा हुतोय का न्हाई बघा." आमच्याकडं माया दाखवायची रीतच ती. बाळंतीण असो, म्हातारं माणूस असो, दवाखान्यातून आलेलं कुणी असो, तेल कोमट करायचं आणि हातपाय चोळायचे. पाय न चोळता नुसतं भेटून गेलं तर ते भेटणं कसलं!

वन्संनी वाटी आणली, माझी साडी गुडघ्यापर्यंत सारली आणि बोटं तेलात बुडवली. वॉर्डात एक आया फरशी पुसत होती. बारीक चणीची, केसांचा घट्ट अंबाडा. तिनं हातातलं फडकं टाकलं, दोन ढांगांत खाटेपाशी आली आणि वन्संच्या हातातली वाटी अशी हिसकली की निम्मं तेल तिनंच पुसलेल्या फरशीवर सांडलं.

"पोटरीला हात न्हाई लावायचा!"

वन्संही काही कमी नव्हत्या. "ए बाई, तू तुझं पुसायचं काम कर. माझी वैनी हाय, मी चोळीन न्हाईतर नाचीन."

"नाचा की. बाहीर जाऊन नाचा. पायाला हात लावला तर मी हितंच बोंब मारीन." आणि मारलीच तिनं. "सिस्टर! ओ सिस्टर!"

सिस्टर येईपर्यंत तिनं माझ्या पिशवीतली परकराची नवी नाडी ओढून काढली. उजव्या पोटरीला वेढा दिला आणि जिथं टोक मिळालं तिथं अंगठ्याचं नख रोवलं. मग तेवढीच नाडी डाव्या पोटरीला लावली. टोक मिळेना. चांगलं दोन बोटं अंतर राहिलं. वन्सं त्या दोन बोटांकडं बघत राहिल्या आणि त्यांचं तोंड एकदम बंद झालं. ते मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं.

माझ्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. पुण्याला नेऊन मशीनवर तपासलं, पोटात इंजेक्शनं दिली, मग कित्येक महिने गोळ्या. डॉक्टरांनी वन्संना बसवून सांगितलं, की ऑपरेशननंतर माणूस पडून राहतं, त्यात कधीकधी पायात रक्त साकळतं. चोळलं तर गुठळी सुटून छातीकडं जाऊ शकते, आणि मग हाक मारायलाही सवड मिळत नाही. नाडी मात्र त्या आयाबाईनं कमरेला खोचली. "ही माझी झाली. तुमच्या परकराला दुसरी घ्या," म्हणाली. हीच सुगंधाबाई.

घरी सोडायच्या दिवशी मी त्यांना शोधत गेले. दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर त्या चादरी वाळत घालून बसल्या होत्या. मी म्हटलं, "तुमच्यामुळं वाचले बाई. पण एवढा राग कशाचा आला होता हो?" त्यांनी मला पायरीवर जागा करून दिली. मग बोलायला लागल्या...

सुगंधाबाईंची आई भांडगावातली मालिशवाली. बाळंतिणी, तान्ही बाळं, लचकलेले पाय, सगळं तिच्याकडं. तिच्या दोघी मुली, आक्का आणि सुगंधा, तिच्याच हाताखाली शिकल्या, आणि सुगंधाचा हात आईपेक्षा सरस म्हणायचे. आई लवकर गेली. आक्कानं धाकटीला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं. आक्काचे मालक रेल्वेत, म्हणून ती दौंडला. पुढं आक्काचंही माझ्यासारखंच पिशवीचं ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी ती घरी आली आणि पाय सुजला. सांगावा आला तशी सुगंधा तेलाची बाटली घेऊन भांडगावाहून गेली. तासभर चोळत बसली.

"आक्का डोळं मिटून पडली व्हती," सुगंधाबाई म्हणाल्या. "म्हणली, तुझ्या हाताला आईच्या हाताची ऊब हाय गं. मग म्हणली, बरं वाटतंय आता, जरा मोरीवर जाऊन येते. उठली, गेली... आन् परत न्हाई आली."

मातीला दवाखान्यातला कंपाउंडर आला होता. त्यानं सहज विचारलं, "पाय चोळला होता का कुणी?" दाजी आजपर्यंत एका शब्दानं बोलले नाहीत. पण सगळ्यांच्या नजरा आपल्या हातांकडं गेल्या, असं सुगंधाबाईंना वाटलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी मालिश सोडली आणि त्याच दवाखान्यात फरशी पुसायला लागल्या.

"मी चोळलं म्हणून गेली, का तशीबी जाणार व्हती... एवढंच मला कळाया पायजे, सुमनबाई."

"मग विचारा की डॉक्टरांना! रोज तर दिसतात."

"आन् त्ये व्हय म्हणले तर?"

पुढं वीस वर्षं मी अधूनमधून हेच टुमणं लावलं आणि वीस वर्षं मला हेच उत्तर मिळालं. बाई डॉक्टरांच्या सावलीत तीस वर्षं वावरली, टाके कसे पिकतात, पोट कसं फुगतं, ताप कितव्या दिवशी आला तर काय समजायचं, सगळं विचारून विचारून शिकली. एवढा एक प्रश्न तेवढा विचारला नाही. आक्काचा एक फोटो होता, दौंडच्या स्टुडिओत काढलेला, दोघी बहिणी शेजारी उभ्या. तो पेटीत साड्यांच्या तळाशी. भिंतीला कधी लावला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तिच्याम्होरं रोज उठायचं, बसायचं... न्हाई जमत."

निवृत्त झाल्यावर बाईंना उलट काम वाढलं. कुणाचंही ऑपरेशन होऊन माणूस घरी आलं की त्या निघाल्याच. भांडगावाहून चौफुला, तिथून न्हावरं, शिरूर, मिळेल त्या एसटीनं. फोनवर पहिला प्रश्न, "कुणाला कापलंय का तुमच्याकडं?" हातात वायरची पिशवी. तिच्यात एक छोटी उशी, कारण पोटाला टाके असताना खोकताना ती पोटाशी दाबून धरायची. आणि ती नाडी. डॉक्टरचं काम त्या कधी करायच्या नाहीत हो. जखमेवरची पट्टी उचलणार नाहीत की गोळी बदलणार नाहीत. बघायच्या, वास घ्यायच्या, विचारायच्या, आणि शंका आली की माणसाला उठवून दवाखान्यात पाठवायच्या. म्हणायच्या, "डाक्टर टाका घालतोय, पर म्होरचं पंधरा दिस घरच्यांचं असत्यात. घरच्यांनी डोळं उघडं ठेवायचं." आमच्याकडं तर काय एकेक समजुती! भात खाल्ला की जखमेत पू धरतो, पाणी प्यायलं की टाके ओले राहतात, जखमेवर हळद दाबून बसवायची, माणसाला अंथरुणावरून हलू द्यायचं नाही. आणि भेटायला येणारे वीसजण, वीसही त्याच खाटेवर बसणार. सुगंधाबाई दारातच उभ्या राहायच्या, "उठा, उठा. टाकं त्यांचं हायेत, बूड तुमचं कशाला टेकताय?"

आमच्या सासऱ्यांचं, आबांचं, हर्नियाचं ऑपरेशन शिरूरला झालं, तेव्हा त्या पहिल्यांदा आमच्या घरी आल्या. इथं मला एक सांगितलंच पाहिजे. त्यांना चहा ओसरीवर दिला गेला, वेगळ्या कपातून. मी घरातच होते आणि मी बोलले नाही. माझा जीव जिनं वाचवला तिला. ती लाज अजून जात नाही. त्यांनी कप तसाच ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि ओसरीवरूनच आबांना हाक दिली, "जय भीम आबा! वारा सरला का?"

भेटायला आलेली सात-आठ माणसं बसलेली, सुना आत. आबांनी चादर डोक्यावरून ओढली. तीन दिवस त्यांचं पोट साफ नव्हतं, वारा सरत नव्हता, उलट्या होत होत्या. सुनांना कसं सांगायचं म्हणून गप्प.

"लाजताय काय? वरातीत बेंडबाजा लावला तवा न्हाई लाजला! सरला का न्हाई, एवढं सांगा."

चादरीतून आवाज आला, "न्हाई."

"कवापासनं?"

"...परवापास्नं."

तेव्हा त्या उठल्या, कुणाला न विचारता आत आल्या, आणि चादरीवरून पोटाला बोट लावलं. पोट ढोलकीसारखं ताणलेलं. "गाडी काढा," एवढंच म्हणाल्या. शिरूरच्या डॉक्टरांनी आबांना लगेच दाखल करून घेतलं, नाकातून नळी घातली. अजून एक दिवस काढला असता तर अवघड होतं, म्हणाले. आबा घरी आल्यावर सुगंधाबाई पुन्हा भेटायला आल्या आणि सवयीनं ओसरीवर टेकल्या. आबा आतून ओरडले, "सुगंधा, आत ये. तिथं बाहीर वारं लागंल." त्यांनी चपला काढता काढता विचारलं, "त्ये ऱ्हाऊ द्या. तुमचं सरलं का?" घरातली सगळी पोटाला धरून हसली, आबा टाक्यांवर हात दाबून. त्या दिवसापासून त्यांचा कप आमच्या मांडणीत आमच्याच कपांत. ती रीत मोडली आबांनी. मी नाही. हेही लिहून ठेवते.

असे किती सांगू... कुणाला तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि घरचे नजर उतरवत बसले होते. कुणाची लघवी अडली होती. सगळ्यांना त्यांनी वेळेवर पाठवलं असंही नाही. दोन माणसं गेलीच. तेव्हा त्या नाडी धुऊन वाळत घालायच्या आणि परत पिशवीत ठेवायच्या.

यंदा नळापाशी पाय घसरून त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन त्यांच्याच जुन्या दवाखान्यात. मी वन्संकडं मुक्काम टाकला आणि सकाळी सात वाजताच वॉर्डात हजर. पेशंट कसला, हेडमास्तरच तो! कूस बदलायची वेळ झाली की दोन पायांच्या मधी ठेवायला स्वतःच उशी मागायच्या. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं टाकली, आणि शेजारच्या खाटेवरची निजून राहिली म्हणून तिला दटावलं. गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शनं चालू होती, तरी रोज सकाळी मला हुकूम, "सुमन, नाडी काढ." मी उजवी पोटरी मोजायची, नख रोवायचं, मग डावी. रोज सारखी. एकदा वन्सं डबा घेऊन आल्या आणि विचारायला लागल्या, "बाई, तेल आणू का कोमट करून?" तिघी इतक्या हसलो की सिस्टर रागावल्या.

सहाव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांनी कप खाली ठेवला. "सुमन, दम लागतोय." मी पाठीवर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि अगदी दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं म्हणाल्या, "गुठळी गेली वाटतं छातीत. सिस्टरला हाक मार." सिस्टर धावल्या, डॉक्टर आले, आत नेलं. मी खाटेपाशी उभी. हातात नाडी. सकाळीच तर मोजलं होतं. सारखं होतं...

दुसऱ्या दिवशी मिलिंदला आणि मला आत सोडलं. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. डॉक्टर तिथंच होते. तरुण, पण ते नवीन आले तेव्हापासून सुगंधाबाईंच्या ओळखीचे, त्यांच्या हातचा चहा प्यायलेले. बाईंनी मास्क जरा उचलला. मला वाटलं, पाणी मागतील.

"डाक्टर, एक इचारायचं ऱ्हायलंय." आणि विचारलं. मोडक्या श्वासात, थांबत थांबत. आक्का, आठवा दिवस, सुजलेला पाय, तासभर चोळणं, मोरी. "मी चोळलं न्हसतं... तर आक्का जगली असती का?"

मी डॉक्टरांकडं बघितलं. मनात म्हटलं, लेकरा, नाही म्हण. खोटं का होईना, नाही म्हण.

डॉक्टर स्टूल ओढून बसले. म्हणाले, "मावशी, चोळायला नको होतं, हे खरं. पण तुम्हाला ते माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं. जगल्या असत्या की नाही, हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. गुठळी न चोळताही सुटते." मग त्यांच्या पायाकडं बघितलं. "आता तुमचंच बघा. तुमच्या पायाला कुणी हात लावला होता का?"

सुगंधाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. नव्हता लावला. इंजेक्शनं होती, चालणं होतं, नाडी होती, सगळं होतं. तरी गेली गुठळी.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं."

"त्यो खोटं बोलत न्हाई. खोटं बोलताना त्येचं कान लाल हुत्यात. मी बघितलं, न्हाई झालं." मग डोळे मिटून पडल्या. जरा वेळानं मिलिंदला म्हणाल्या, "पेटीतला आक्काचा फोटू काढ. भिंतीला लाव."

मी कांद्यासाठी न्हावऱ्याला परतले, आणि त्यानंतर दोन दिवसांनी त्या गेल्या.

त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मागं बसलेल्या दोघींना समोर सुगंधाबाईंचा हार घातलेला फोटो दिसत होता. त्याच्या शेजारी, जुना, पिवळा पडलेला, दोन पोरींचा फोटो होता, त्याकडं त्यांचं लक्ष गेलं नसेल. धाकटीचा हात आक्कानं घट्ट धरलेला. ज्या बाईचं ऑपरेशन "फसलं" त्या बाईला जे चाळीस वर्षं सुटत नव्हतं, ते त्याच फसलेल्या ऑपरेशननं सोडवलं. दैव म्हणायचं तर याला म्हणा.

निघताना मिलिंदनं माझ्या हातात काहीतरी दिलं. "मावशी, ही तुमचीच व्हती म्हणं." नाडी. मूळची पांढरी, आता चहाच्या रंगाची. टोकापासून दीड वीत अंतरावर जरा झिजलेली, जिथं त्यांचं नख बसायचं तिथं.

गेल्या आठवड्यात मी निमोण्याला माहेरी गेले. भाच्याच्या बायकोचं सीझर होऊन सात दिवस झालेले. तिची आई चुलीवर तेलाची वाटी कोमट करत होती, पोरीचे पाय चोळायला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पोटरीला हात न्हाई लावायचा." ती बाई घाबरलीच. मी खाली बसले, नाडी काढली, झिजलेल्या जागेपाशी नख रोवून मोजलं. उजवी, मग डावी. टोक बरोबर जुळलं. पण नाडी सगळं सांगत नाही, हे आता मला कळलंय. म्हणून दम लागतो का, छातीत दुखतं का, ताप आहे का, तेही सगळं विचारलं. काही नव्हतं. तेल वाया जाऊ दिलं नाही, आजीनं ते बाळाच्या अंगाला लावलं.

मग मी त्या पोरीला म्हटलं, "ऊठ बाई, मोरीपर्यंत चालून ये." ती भिंतीला धरत गेली. मी दाराकडं बघत बसले. नाडी हातात.

ती परत आली.